पाण्याचा हिशेब आधी मांडणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

गणेशोत्सव आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन हे बहुतेक वर्षी मागेपुढेच येतात. एकीकडे बुद्धीच्या देवतेचा उत्सव आणि दुसरीकडे बुद्धीच्या जोरावर नद्यांना वळण लावणाऱ्या माणसाची जयंती, असा हा योग आहे. आपल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत विश्वेश्वरय्यांचे नाव माहीत नाही असे घर सापडणार नाही. कलबुर्गीत त्यांच्या नावाच्या तांत्रिक विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे. भालकी, बीदर, कलबुर्गी येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींच्या गुणपत्रिकेवर तेच नाव छापलेले असते. सरकारी कचेऱ्यांत म्हैसुरी फेटा, बंद गळ्याचा कोट आणि चष्मा अशी त्यांची तसबीर असते. पण नाव आणि तसबीर यांच्यापलीकडे या माणसाने नेमके काय केले, हे विचारले तर आपण कृष्णराजसागर म्हणतो आणि थांबतो.

आम्ही पदविकाधारक, राज्य सरकारच्या नोकरीत आणि नळयोजनांच्या कामाशी रोजचा संबंध असलेले. त्यामुळे आम्हाला त्यांचे चरित्र पाण्याच्या बाजूनेच सांगावेसे वाटते. त्यातही दोनच गोष्टींच्या आधाराने : पाण्याचा दाब आणि पाण्याचा प्रवाह. त्यांच्या साऱ्या आयुष्याचे काम या दोन शब्दांत आले, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबरला झाला. जन्मसाल कोठे १८६० तर कोठे १८६१ असे दिले जाते. घर तेलुगू भाषक ब्राह्मणाचे; पूर्वज आंध्रातील मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते आडनावासारखे पुढे लागले. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. त्यातच मुलगा शाळेत असतानाच वडील गेले. आईने धीर सोडला नाही. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून विश्वेश्वरय्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले.

पुढचा टप्पा आपल्या मराठी माणसांना जवळचा आहे. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. लगेच १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. म्हणजे ज्या माणसाला आज सारे कर्नाटक आपला मानते, त्याच्या उमेदीची जवळजवळ पंचवीस वर्षे नाशिक, धुळे, पुणे अशा मराठी मुलखात गेली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. भाषा एक, राज्य दुसरे आणि काम तिसऱ्याच ठिकाणी, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे.

खानदेश आणि सिंध

नोकरीच्या पहिल्याच काळात खानदेशात धुळ्याजवळ दातर्ती येथे पाटाचे पाणी ओढ्यापलीकडे न्यायचे काम त्यांच्याकडे आले. यासाठी त्यांनी नळाचा उलटा सायफन घातला. सायफन म्हणजे जादू नव्हे. पाणी या काठाने नळात उतरते, ओढ्याच्या तळाखालून जाते आणि पलीकडे वर चढते. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली असले पाहिजे, एवढीच अट. पण ते थोडे म्हणजे किती, हाच खरा प्रश्न असतो. नळाच्या अंगाला घासत जाताना पाणी आपला दाब हरवते. नळ बारीक घेतला तर घट जास्त, मोठा घेतला तर खर्च जास्त. तरुण अभियंत्याची पहिली परीक्षा त्या हिशेबात होती आणि पावसाळ्याने काम अडवले तरी त्यांनी ते तडीस नेले.

पुढे १८९० नंतरच्या दशकात त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले गेले. सिंधू नदी काठावरच, पण पाणी इतके गढूळ की पिण्याजोगे नाही. गाळणी बांधायला नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरातून झिरपून येणारे पाणी आपोआप गाळले जाते, ते वर टेकडीवर चढवले आणि तेथून गावाला दिले. ज्या वाळूला लोक अडचण समजत होते तिलाच त्यांनी कामाला लावले. आपल्या बीदरला नौबादच्या कारेझमध्ये बहामनी काळच्या लोकांनी जमिनीखालून बेताच्या उताराने पाणी आणले, त्याच जातीची ही अक्कल. निसर्गाशी भांडायचे नाही, त्याचा उतार ओळखायचा.

खडकवासल्याची दारे

१८९९ पासून पुण्याला पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या तलावात, ज्याला तेव्हा लेक फाईफ म्हणत, पावसाळ्यात सांडव्यावरून भरमसाट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामाला धोका. सांडव्यावर दारे बसवून पाणी अडवावे तर पूर रात्री-अपरात्री आला आणि दार उघडायला माणूस वेळेवर पोचला नाही तर काय?

यावर त्यांनी जी स्वयंचलित दारे योजली ती १९०३ मध्ये बसवली गेली. त्यांनी तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढवता आली. रचनेचा गाभा असा : दाराचे वजन आणि त्याला साखळीने जोडलेले दुसऱ्या बाजूचे वजन यांचा समतोल साधलेला असतो. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की जादा पाणी शेजारच्या विहिरीत शिरते. तेथे तरंगत्या वजनाचा समतोल बदलतो आणि दारे उघडतात. पूर ओसरला की विहिरीतले पाणी निघून जाते आणि दारे पुन्हा बंद होतात. वीज नाही, इंजिन नाही, पहारेकरी नाही. पाणी स्वतःच दार उघडते आणि स्वतःच लावते.

हे ऐकायला सोपे आहे; मांडायला नाही. ८ फूट म्हणजे सुमारे २.४ मीटर पाणी दारामागे उभे असेल तर दर मीटर रुंदीला जवळजवळ २,८८० किलोचा रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. सांडव्यावरून वाहणारे पाणीही उंची दुप्पट झाली की दुप्पट नव्हे, पावणेतीन पटींहून जास्त होते. या चढत्या वेगाशी जुळणारी वजने, साखळ्या आणि विहिरीची तोंडे ठरवायची म्हणजे दाब आणि प्रवाह यांचे गणित पक्के हवे. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले. मात्र सरकारी नोकरीत असताना केलेले काम म्हणून त्यांनी त्यावर मानधन घेतले नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. तशीच दारे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसली.

याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याच्या तोंडाशी असलेले बागायतदार उसाला अमाप पाणी घेत. तेथे जमिनी खारावत, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नसे. विश्वेश्वरय्यांनी कालव्याखालची जमीन गटांत वाटली. एका भागात ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके आणि दरसाल फेरपालट, अशी ती व्यवस्था. सुरुवातीला विरोध झाला, मग पटत गेले. आमच्या मते खडकवासल्याच्या दारांपेक्षाही ही कल्पना मोठी आहे. कारण दारांचा प्रश्न लोखंडाचा होता, हा प्रश्न न्यायाचा होता. नळयोजनेवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. टाकीजवळच्या घराला पाणी देणे सोपे असते. गावाच्या टोकाच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी पोचले की नाही, यावरच योजना खरी ठरते.

चुकत चुकत बरोबर येणारे गणित

येथे थोडे थांबून हे दाब आणि प्रवाहाचे गणित काय प्रकरण आहे, ते सांगतो. शाळेतली आकडेमोड जमणाऱ्या कोणालाही ते कळेल.

नळातून पाणी जाताना दाब कमी होतो. साधारण नियम असा, की ही घट म्हणजे नळाचा विरोध गुणिले प्रवाह गुणिले पुन्हा प्रवाह. आता समजा, एका टाकीकडून एका वस्तीकडे दोन नळ समांतर गेले आहेत. पहिल्याचा विरोध १ आणि दुसरा बारीक, त्याचा विरोध ४. दोन्हींतून मिळून सेकंदाला ९० लिटर पाणी जाते. तर प्रत्येकातून किती?

अडचण अशी, की प्रवाह कळला तर दाबाची घट काढता येते. पण प्रवाह कळायला आधी ती घट माहीत हवी. कोंबडी आधी की अंडे आधी, तसेच हे. मग अंदाजाने सुरुवात करायची. धरू या की दोन्हींतून ४५-४५ लिटर जाते. पहिल्या नळात घट २,०२५, दुसऱ्यात ८,१००. दोन्ही नळ एकाच ठिकाणी निघून एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा घट सारखीच हवी. फरक ६,०७५ चा आला, म्हणजे अंदाज चुकला. पण ही चूकच पुढची वाट दाखवते. या फरकाला विरोध आणि प्रवाह यांच्या गुणाकारांच्या दुप्पट बेरजेने, म्हणजे ४५० ने, भागायचे. उत्तर १३.५. तेवढे पाणी बारीक नळातून काढून मोठ्या नळात घालायचे : ५८.५ आणि ३१.५. पुन्हा घट काढली तर फरक ५४७ वर आला. पुन्हा तसाच भागाकार केला की दुरुस्ती सुमारे १.४८ निघते. आता आकडे झाले ५९.९८ आणि ३०.०२. खरे उत्तर ६० आणि ३०. दोन फेऱ्यांत आपण त्याच्या दाराशी पोचलो.

जाळ्यासारख्या नळयोजनेसाठी ही रीत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पदविकेच्या वर्गात आम्ही ती कागदावर तक्ते आखून शिकलो. विश्वेश्वरय्यांच्या तरुणपणी ती नव्हती. त्यांच्या पिढीला अनुभवाची सूत्रे, लॉगॅरिथमची कोष्टके आणि कागद-पेन्सिल यांवर काम भागवावे लागे. पण अंदाज करायचा, तपासायचा, चूक मोजायची आणि तिच्या मापाने दुरुस्त करायचे, ही शिस्त त्यांच्या प्रत्येक कामात दिसते.

मुसीचा पूर

आता आपल्या भागाशी सर्वांत जवळचा प्रसंग. त्या काळी बीदर आणि गुलबर्गा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे जिल्हे. आपल्या वाडवडिलांचे दरबाराचे काम, कोर्टकचेऱ्या, शिक्षण, बाजार सारे हैदराबादला. अनंतगिरीच्या डोंगराळ भागातून पाणी पश्चिमेकडे कागिणा नदीने आपल्या मळखेडकडे येते, आणि त्याच बाजूचे पूर्वेकडे जाणारे पाणी मुसीने हैदराबादेत जाते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी त्या मुसीने शहर बुडवले. वरच्या भागात प्रचंड पाऊस झाला, लहानमोठे तलाव एकामागोमाग एक फुटले आणि सारे पाणी एकदम शहरावर आले. हजारो माणसे गेली. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड हैदराबादेत आजही दाखवतात.

विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमारास मुंबई सरकारची नोकरी स्वेच्छेने सोडली होती. कितीही काम केले तरी खात्यातील सर्वोच्च जागा भारतीयाला मिळणार नाही, हे दिसत होते. ते युरोपच्या प्रवासात असताना निजाम सरकारचे बोलावणे आले आणि १९०९ मध्ये ते हैदराबादेत रुजू झाले.

नदीकाठी उंच भिंती बांधा, हा सरळ उपाय होता. त्यांनी आधी मोजणी हाती घेतली. किती पाऊस पडला, किती तलाव फुटले, पुराच्या खुणा कोठे कोठे आहेत, यावरून त्या दिवशी सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी शहराजवळून गेले असावे, असा अंदाज निघाला. एवढे पाणी भिंतींत कोंडता येणार नाही. म्हणून शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठी धरणे बांधून पुराचा माथा तेथेच छाटावा, ही त्यांची योजना.

धरणाने पूर कसा अडतो, याचे गणितही वरच्या नळांसारखेच वर्तुळात फिरते. तलावात किती पाणी येते वजा किती जाते, यावर साठा ठरतो. साठ्यावरून पातळी ठरते. आणि बाहेर किती जाणार हे पुन्हा पातळीवरच ठरते. म्हणून पुराच्या वेळेचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी अंदाज, पडताळा, दुरुस्ती असे करत पुढे जायचे. तलावात पुरासाठी रिकामी जागा राखून ठेवली असेल तरच हे साधते. तलाव काठोकाठ भरून ठेवला आणि मग पुराची वाट पाहिली, तर गणित तेच राहते आणि उत्तर उलटे येते.

उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. पुराला आळा आणि शहराला पिण्याचे पाणी, दोन्ही साधले. शहराच्या सांडपाण्याची योजनाही त्यांनी आखून दिली. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक हैदराबादला आहेत, त्यांच्या घरी अनेक वर्षे या तलावांचेच पाणी आले. हैदराबाद संस्थानात त्यांचे काम पाहिलेल्या अभियंत्यांत नवाब अली नवाज जंग यांचे नाव मोठे झाले. त्यांच्याच हातून पुढे आपल्या मांजरा नदीवर निजामसागर उभे राहिले.

म्हैसूरची वर्षे

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला, आणि त्यावर चालणाऱ्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना, बारमाही पाणी हवे होते; मंड्याच्या कोरड्या जमिनीलाही हवे होते. खालच्या मद्रास सरकारची हरकत होती, म्हणून आरंभी कमी उंचीच्या धरणाला मंजुरी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पुरेल एवढा रुंद घेतला. पुढे वाद मिटेल तेव्हा पाया पुन्हा खणता येत नसतो. सिमेंट महाग आणि परदेशी, म्हणून चुना आणि सुरखी वापरली. धरण १९३१ च्या सुमारास पुरे झाले. साठा सुमारे ४९ टीएमसी.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक १९१३ मध्ये, कन्नड साहित्य परिषद १९१५ मध्ये, म्हैसूर विद्यापीठ १९१६ मध्ये आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९१७ मध्ये, या साऱ्या संस्था त्यांच्या दिवाणगिरीत निघाल्या. तोट्यात असलेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी १९२३ पासून पुढे सांभाळला.

त्यांचे सारेच विचार सर्वांना पटले असे नाही. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना जागा राखून ठेवाव्यात, या मताचे ते नव्हते. परीक्षा आणि पात्रता हाच निकष असावा असे त्यांना वाटे. महाराजांनी मात्र १९१८ मध्ये या प्रश्नावर मिलर समिती नेमली. या मतभेदातून विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून दूर झाले. आज मागे वळून पाहताना आम्हाला असे वाटते, की नीरेच्या कालव्यावर शेपटाच्या शेतकऱ्याचे दुःख ज्यांना अचूक दिसले, त्यांना समाजाच्या शेपटाकडे उभ्या असलेल्या माणसाची अडचण तेवढी दिसली नाही. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना हेही वाचले पाहिजे. त्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. ते माणसाच्या मापाचे होते, एवढेच कळते.

पुढची चाळीस वर्षेही ते कामातच राहिले. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक १९३४ चे, म्हणजे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कितीतरी आधीचे. आम्हा पदविकावाल्यांना विशेष आठवण राहावी अशी गोष्ट १९४३ ची. भद्रावतीच्या कामाबद्दल त्यांच्या मानधनाची जी रक्कम साठली होती ती त्यांनी स्वतःसाठी न घेता, हाताने काम शिकवणारी संस्था काढण्यासाठी दिली. त्यातून बंगळूरचे जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक उभे राहिले. पदवीधर अभियंत्यांइतकीच जागेवर उभे राहून काम करून घेणाऱ्यांची देशाला गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते. नव्वदीत असताना बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवरच्या पुलाची जागा ठरवण्यासाठीही त्यांचा सल्ला घेतला गेला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले, १९६० मध्ये हयातीतच त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि शंभरी गाठून १९६२ च्या एप्रिलात ते गेले. मधल्या काळात, १९५६ मध्ये, बीदर आणि गुलबर्गा हैदराबादमधून निघून म्हैसूर राज्यात आले होते. ज्या दोन संस्थानांची पाण्याची घडी त्यांनी बसवली, त्या दोन्हींशी आपले जिल्हे असे जोडले गेले.

त्याच कॉलेजातला पुढचा धागा

हिशेबाची ही परंपरा त्यांच्याबरोबर संपली नाही. ज्या पुण्याच्या कॉलेजातून विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये बाहेर पडले, त्याच कॉलेजातून १९६२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, सुहास पाटणकर हा मराठी तरुण यांत्रिकी अभियंता होऊन बाहेर पडला. मुंबईच्या आयआयटीतून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जाऊन त्यांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर काम केले. दाब आणि प्रवाह यांची गाठ संगणकावर सोडवण्याची त्या दोघांची पद्धत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव सिंपल, आणि कल्पनाही तशीच सरळ. आधी दाब अंदाजाने धरायचा. त्यावरून प्रवाह काढायचा. मग एखाद्या लहानशा घरात जेवढे येते तेवढेच बाहेर जाते का, ते पाहायचे. जेथे जमाखर्च जुळत नाही तेथे दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा मोजायचे. आपण वर दोन नळांसाठी जे केले तेच, पण लाखो घरांसाठी. नंतर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक असताना १९८० मध्ये त्यांनी लिहिलेले पुस्तक या विषयात जगभर वापरले गेले.

हे दूरचे वाटत असेल तर बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीकडे पाहा. औषधी रसायनांच्या कारखान्यात पंप, झडपा, नळ आणि भांडी यांचे असेच जाळे असते. पंप किती ढकलेल हे पुढच्या दाबावर, झडपेतून किती जाईल हे दोन्हीकडच्या दाबावर, आणि भांड्यातला दाब हा आत किती आले यावर अवलंबून. एक झडप फिरवली की साऱ्या जाळ्यातले आकडे हलतात. म्हणून असा कारखाना बांधण्याआधी तो संगणकात चालवून पाहता येतो. हजारो समीकरणे एकदम घेऊन अंदाज, चूक, दुरुस्ती अशा फेऱ्या चालतात, आणि चूक नगण्य झाली की थांबतात. कधी अंदाज फारच दूरचा असेल तर आकडे जुळण्याऐवजी भरकटतात. मग दुरुस्ती एकदम न करता थोडी थोडी करावी लागते. आपली मुले पुणे, हैदराबाद, बंगळूरला संगणकासमोर बसून असली कामे करतात. ती करताना त्यांना मुसीचा पूर आठवला तर बरे होईल. पडद्यावरच्या आकड्यामागे कोणाच्या तरी घराची भिंत असते.

आपल्यासाठी

विश्वेश्वरय्यांच्या नावावर अनेक चमत्काराच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यांतल्या कित्येक मुलांना आवडतात, सांगायला हरकत नाही. पण चमत्कारांनी मुसी अडली नाही. माणसे मेल्यावर शोक सारेच करतात. त्यांनी खुणा मोजल्या, आकडे मांडले आणि पुढच्या पुरासाठी जागा रिकामी ठेवली. आपल्याकडे गावोगावी जुने तलाव आहेत. त्यांच्या सांडव्यांत झुडपे माजली आहेत, पाण्याच्या वाटांवर घरे उभी राहिली आहेत. पाऊस कमी पडतो त्या वर्षी कोणाचे लक्ष जात नाही. जास्त पडतो त्या वर्षी पाणी आपली जुनी वाट शोधत येते, आणि पाण्याचा हिशेब कधी चुकत नाही.

म्हणून मंडळाच्या तरुणांना आमची एक विनंती आहे. विसर्जनाला आपण ज्या तलावाकाठी जातो, त्याचा सांडवा कोणता, त्याचे जादा पाणी कोणत्या ओढ्याने कोठे जाते आणि ती वाट मोकळी आहे का, एवढे यंदा पाहून यावे. जुन्या माणसांना विचारावे, वहीत आकडे लिहून ठेवावेत आणि जेथे वाट बुजली असेल तेथे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवावे. तसबिरीला हार घालण्यापेक्षा हे थोडे कष्टाचे आहे, पण त्या माणसाला तेच अधिक रुचले असते.

गणपती बाप्पा मोरया!